डोक्यावरचा दिवा

प्रिय ढोल्या,

तुला ढोल्या म्हणणारी जगात एकच बाई आहे, तेव्हा हे कोणाचं पत्र ते तुला कळलंच असेल. अंगावर चार चमचे मांस नाही आणि नाव ढोल्या, असं शाळेतली पोरं तुला चिडवायची आणि तू माझ्यावर येऊन भडकायचास. भडक आत्ताही. मला चालेल. अक्षरं मला अजून येत नाहीत, आता या वयात शिकून कोणती परीक्षा द्यायची आहे. मी बोलते आहे आणि लिहितंय दुसरं कोणी. कोण, ते शेवटी सांगेन. आत्ता सांगितलं तर तू पुढचं वाचायचा नाहीस. लिहिणाऱ्याला ताकीद दिली आहे, की मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं. मला वाचता येत नसलं तरी कान शाबूत आहेत. मी एवढं लांबलचक बोलले आणि बटणं दोनदाच वाजली, की मला कळतं काहीतरी गाळलंय. आत्ताच गाळलं होतं. परत लिहायला लावलं.

घाबरले की मला थट्टा सुचते, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी मी त्या नर्सबाईला तिचं लग्न ठरलंय का विचारत बसते आणि तू शरमेने भिंतीकडे तोंड करतोस. तर या पत्रात तुला जिथे जिथे हसू येईल, तिथे तिथे समज, की म्हातारी घाबरली होती.

तू घर सोडून गेलास त्याला बरेच महिने झाले. फोन तू बापाचा घेईनास, मग माझाही घेईनास, कारण फोन एकच. पण संध्याकाळी तू खेळातल्या त्या बेटावर यायचास. तुझं यंत्र, म्हणजे तो कॉम्प्युटर, घरातच राहिलं आणि मला बटण कुठलं दाबायचं ते आधीच शिकवून ठेवलं होतंस. गुप्त शब्द वगैरे मला लिहिता येणार नाही म्हणून दाबलं की थेट बेट उघडेल असं तूच करून ठेवलंस. खेळ कसला तो, लाकडं तोडा, मासे पकडा, लांडगे आले की पळा. सगळा जन्म मी घरात तेच केलं, फक्त लांडगे जरा कमी. पण तिथे तू दिसायचास. तुझ्या माणसाच्या डोक्यावरचा हिरवा दिवा पेटला की मला कळायचं, की पोरगं कुठल्या तरी खुर्चीत धडधाकट बसलं आहे. तू दोनदा उडी मारलीस म्हणजे जेवलास. खाली बसलास म्हणजे दमलास. गोल गोल फिरलास म्हणजे मजेत आहेस. मी पण फिरायचे. लिहिता-वाचता येणाऱ्यांना तरी आणखी काय सांगायचं असतं एकमेकांना?

मग ती संध्याकाळ. तू आलास, पण उडी मारली नाहीस. आपल्या लाकडाच्या घरात आलास, माझ्या पेटीपाशी उभा राहिलास आणि तुझी पिशवी तिच्यात रिकामी करायला लागलास. आधी कुऱ्हाड ठेवलीस. मग गळ. मग ती होडी, जिच्यासाठी तू तीन आठवडे लाकूड जमवत होतास आणि मला फांदीला हात लावू देत नव्हतास. शेवटी कंदील. कंदिलाशिवाय त्या बेटावर अंधारात कोणी पाऊल टाकत नाही, हे मला पहिल्याच दिवशी तू सांगितलं होतंस. आणि मी काय केलं असेल? मी गोल गोल फिरले. मला वाटलं, नातवाला म्हातारीची दया आली, सगळी इस्टेट माझ्या नावावर केली. मी नाचत राहिले आणि तू माझ्याकडे तोंड करून नुसता उभा होतास. मग तू पेटीच्या बाजूला आडवा झालास आणि तुझा दिवा विझला.

भांडी घासताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस पिशवी पूर्ण रिकामी कधी करतो? परत भरायची नसेल तेव्हा. हातातलं पातेलं तसंच राहिलं आणि नळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच यंत्र लावलं आणि उठलेच नाही. त्या खेळात माणूस उठून गेला की त्याचं सोंग तिथेच झोपून राहतं ना, तसा तू झोपला होतास. मी तुझ्या शेजारी शेकोटी पेटवली. विझली की परत पेटवली. दुपार गेली, ऊन भिंतीवरून सरकून कपाटावर गेलं, यंत्राचा पंखा घरघर करत होता, मी म्हटलं तुलाही म्हातारपण आलं वाटतं. आणि दिवेलागणीला त्याच्या पोटातून फट्‌ आवाज झाला, जळक्या रबराचा वास आला आणि मागून धूर. पडदा काळा. तूही काळा झालास.

मी ओरडले असणार, कारण तुझा बाप कुलपांच्या दुकानातून परतत होता तो पायऱ्या धावत चढून आला. आता ऐक. त्याने भिंतीतली पिन उपटली. खिडकी उघडली. मला वाटलं आता म्हणेल, जळलं ते बरं झालं, या डबड्यानेच घर फोडलं. त्याऐवजी तो खाली बसला, स्क्रूड्रायव्हर काढला, कुलूप उघडावं तसं यंत्राचं पोट उघडलं आणि आतून ती एक चपटी डबी सगळ्यांत आधी बाहेर काढली, डिस्क म्हणतात ती. हाताला चटका बसला तरी सोडली नाही. अंगातला सदरा काढून त्यात गुंडाळली. ज्या माणसाला त्या यंत्राचं काही माहीत नाही, त्याला बेट कुठे राहतं ते बरोबर माहीत होतं. तेव्हा मला उलगडा झाला, की रोज सकाळी मी बेटावर लाकडं तोडायला बसायचे तेव्हा ती खुर्ची ऊबदार का असायची. आणि तो उंदीर, हातात धरायचा, तो नेहमी डाव्या बाजूला का सापडायचा. या घरात डावखुरा एकच आहे. पहाटे उठून, दुकानाला जायच्या आधी, तो तुला झोपलेला बघून जायचा.  मीसुद्धा चोरून बघत होते आणि तोही चोरून, आणि यंत्र बिचारं दोघांच्या पाळ्या करत होतं.

मी त्याला पिशवीचं सांगितलं. त्याचा चेहरा कसा झाला ते सांगत नाही, लिहिणाऱ्याचे हात थांबलेत. तो तसाच बाहेर पडला. तुझ्या खोलीवर गेला. तुझ्याबरोबर राहणाऱ्या पोराने सांगितलं, की तू गोदामातलं काम आधीच सोडलं होतंस आणि त्याच दिवशी सकाळी पांघरूण आणि थैली घेऊन निघालास, खोलीची किल्ली त्या पोराच्या हातात देऊन. कुठे जातोस विचारलं तर हसलास म्हणे. फोन बंद. पोलीस ठाण्यात त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, मुलगा सज्ञान आहे, स्वतःच्या पायाने गेलाय, येईल. असं सांगताना त्यांनी चहा ढवळला, असं तुझा बाप दोनदा म्हणाला. चहाचा राग आला होता त्याला.

घरी येऊन तो जमिनीवर बसला आणि मग मला त्या दिवसाचं सांगितलं, जे त्याने आजवर सांगितलं नव्हतं. तुमचं भांडण झालं तेव्हा मी माझ्या बहिणीकडे होते. मी परत आले तर तू नव्हतास आणि दाराला नवं कुलूप होतं. जुनं बिघडलं म्हणाला. बिघडलं कुठलं! गावभर दुसऱ्यांची कुलपं दुरुस्त करणारा माणूस, त्याने मुद्दाम बदललं होतं. दुकानात बसायचं नसेल तर या घरातही बसायचं नाही, असं तुला बोलला आणि तू पाय आपटत बाहेर गेलास तेवढ्यात बदललं. तू आलास. किल्ली घातलीस. फिरली नाही. तो आत दाराला पाठ लावून बसला होता. तू दार वाजवशील, मग उघडायचं, असं त्याने ठरवलं होतं. फक्त एकदा वाजव, एवढंच त्याला पाहिजे होतं. तू किल्ली दोनदा फिरवून बघितलीस, त्याने आवाज ऐकला. वाजवलं नाहीस. तुम्ही दोघं एकाच भट्टीतले, नाक तेवढं वेगळं.

तर आता बेट परत उघडायचं होतं. दुसरीकडे कुठून उघडता येईना, कारण तो गुप्त शब्द तुझ्या डोक्यात आणि त्या डबीत, तिसरीकडे कुठेच नाही. ती डबी वरच्या खिशात घालून तुझा बाप मला पार्टच्या दुकानात घेऊन गेला. दुकान एका बाईचं आहे, केसात पेन्सिल खोचते आणि मग पेन्सिल कुठे गेली म्हणून सगळ्यांना विचारते. तिने पहिलाच प्रश्न केला, कॉम्प्युटर कशासाठी हवा? तुझा बाप म्हणाला, हिशेबासाठी. ती म्हणाली, मग साधा बसवून देते, कार्ड नको, स्वस्तात होईल. मी म्हटलं, अहो, हा खोटं बोलतोय, खेळायला हवाय. तिने विचारलं कोण खेळतं? मी म्हटलं, मी. तिने माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं, मग ती पेन्सिल शोधायला लागली. खेळाचं नाव मी सांगू शकले नाही, पण लांडगे कसे येतात ते करून दाखवलं. तिला ओळखू आलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनाही आलं.

मग ती निवड सुरू झाली. लग्न जमवणं सोपं रे बाबा. हा प्रोसेसर घेतला तर तो मदरबोर्ड चालत नाही, तो मदरबोर्ड घेतला तर ही रॅम बसत नाही, आणि सगळं जमलं तर खिसा बसत नाही. तुझ्या बापाचा हट्ट एकच, बाकी काहीही द्या, पण ही जुनी डिस्क ज्याला लागेल तोच बोर्ड द्या. प्रत्येक वस्तू हातात घेतली की तो तिला डबी दाखवायचा, जशी काही ती डबीच नवरी पसंत करतेय. प्रोसेसर ती म्हणाली मधला घ्या, अगदी वरचा घेऊन हा खेळ काही लवकर संपत नाही. ग्राफिक्स कार्ड नवं परवडेना. जुनी होती तिच्याकडे. एक दाखवलं, झळझळीत, तीन पंख्यांचं, आणि स्वस्त. मी म्हटलं हेच. ती म्हणाली आजी, हे नको, याला कुठेतरी रात्रंदिवस जुंपून ठेवलं होतं, वरून पुसलंय फक्त. दुसरं दिलं, दिसायला पिचकं, एकाच पंख्याचं, पण आमच्यासमोर लावून लांडगे धावताना दाखवले. मी तिला म्हटलं जरा बेटाचा किनारा दाखव. तिच्याकडचं बेट वेगळं होतं. त्या किनाऱ्यावर कोणीच नव्हतं, तरी मी बघत राहिले.

पॉवर सप्लायपाशी तुझा बाप अडला. म्हणाला, वीजच तर द्यायची आहे, सगळ्यात स्वस्त द्या. त्या बाईने आमचं जळकं यंत्र मागवून घेतलं, त्यातला सप्लाय काढून हातावर तोलला, आणि म्हणाली, हाही सगळ्यात स्वस्तच होता. ज्याने जोडलं त्याला बाकीचं सगळं नीट कळत होतं, जुळणी चांगली केली होती, मग इथेच का काटकसर केली कोणास ठाऊक. का केली ते तुझ्या बापाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. तू मागितलेस त्यापेक्षा याने कमी पैसे दिले होते आणि वर ऐकवलं होतं. तो काउंटरकडे बघत म्हणाला, चांगल्यातला द्या. आणि मग नव्या कॅबिनेटवरून हात काढून घेतला. मला तर तो रंगीत दिव्यांचा डबा मनात भरला होता. मला वाटलं एवढे दिवे आहेत तर एखादा तुझाही लागेल. तो म्हणाला जुनाच डबा घासून वापरू. संध्याकाळभर अंगणात बसून भांड्याच्या काथ्याने काजळी घासली त्याने. रॅमच्या पट्ट्या बाई म्हणाली दोन घ्या, जोडीने चांगल्या पळतात. एकच परवडली. एक खाच रिकामी आहे, ढोल्या. ती तुझ्यासाठी ठेवली असं मी म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर पैसे संपले.

जोडलं त्यानेच. कुलपातल्या स्प्रिंगा धरायचा तो चिमटा घेऊन, डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून. पार्ट मांडले होते माझ्या जुन्या चादरीवर आणि मला शिंकायला बंदी. बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच. परत दाबलं, काळाच. तो घामाने निथळला. मला वाटलं डबी गेली, धुरात गेली, आणि डबीबरोबर तू. त्या वेळी मला एकही विनोद सुचला नाही, यावरून काय ते समज. त्याने दुकानवालीला फोन केला. ती म्हणाली, रॅम नीट बसली नसेल, टक असा आवाज येईपर्यंत दाबा. हा म्हणाला, मोडली तर? ती म्हणाली, काका, जोर लावा, तुम्ही नुसता हात ठेवताय तिच्यावर. रोज छिन्नी-हातोडी चालवणारा माणूस, फुलाला हात लावावा तसा लावत होता. दाबली. टक झालं. पडदा उजळला, आणि ते बेट जसंच्या तसं वर आलं.

तिथे पाऊस पडत होता. मी घरात गेले. तू तिथेच होतास. पेटीच्या बाजूला, त्याच कुशीवर. हललेला नव्हतास. डोक्यावर दिवा नाही. पेटी उघडली, तुझी कुऱ्हाड, गळ, होडी, कंदील, सगळं जागच्या जागी. इतका खटाटोप करून मी हे बघायला आले होते का, असं झालं मला. तुझ्या बापाने पडद्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला. मग मी शेकोटी पेटवली. दुसरं काय येतं मला.

दुसऱ्या दिवशी त्याने त्याच यंत्रावर स्वतःचा एक माणूस बनवला. टक्कल ठेवलं, प्रामाणिकपणा बघ. पहिल्या दिवशी समुद्रात चालत गेला आणि बुडाला. मग लांडग्याने खाल्लं. मग परत बुडाला. मी मागे उभी राहून डावीकडे वळ, डावीकडे वळ म्हणून ओरडत होते आणि तो उजवीकडे वळत होता. शेवटी पोहोचला आपल्या घरापाशी. दार उघडेना. त्या दाराला कुलूप नाही, भोक नाही, चिमटा घालायला फट नाही. घर तू बांधलंस म्हणून ते तुझं, आणि तू ज्याला होकार दिलास तोच आत येतो. मला तू कधीच दिला आहेस. त्याला नाही. त्याच्या बोटांनी बँकेची तिजोरी उघडली होती, मॅनेजर किल्ली हरवून रडत होता तेव्हा. इथे तो दारासमोर उभा राहिला आणि वाजवत राहिला. दुकानाला जायची वेळ झाली तेव्हा उठला, आणि त्याचं टकलं सोंग तुझ्या पायरीवर झोपलं. तेव्हापासून ते तिथेच आहे. रोज येऊन उभं राहतं, वाजवतं, परत झोपतं. आत तू झोपलेला, बाहेर तो झोपलेला, आणि मधल्या दारातून मी ये-जा करते, दोन्हीकडे शेकोटी पेटवत. लाकडं संपत आली आहेत. कुऱ्हाड माझी बोथट झाली, तुझी मी घेणार नाही. ती तुझी आहे.

आता हे पत्र का, ते. तुझा दुसरा कुठलाच पत्ता आमच्याजवळ नाही, म्हणून हे त्या खेळातल्या तुझ्या निरोपपेटीत घालतो आहोत. तू कुठूनही, कोणाच्याही यंत्रावरून एकदा आलास तर दिसेल. लिहिणारा कोण ते तू ओळखलंच असशील. स्वतःबद्दलचं सगळं त्याने निमूट लिहिलं, एकदाच गाळलं, तेही मी पकडलं. मी तुला घरी ये म्हणत नाही. फोन कर म्हणत नाही. बापाला माफ कर असंही म्हणत नाही, तो पायरीवर आहे, बसू दे, त्याची पाठ अजून मजबूत आहे. मला फक्त एवढंच सांग, की तू आहेस. पिशवी का रिकामी केलीस ते मी विचारणार नाही, पण जे काही तुला इतकं जड झालं होतं, ते कोणाजवळ तरी बोल. माझ्याजवळ बोलायला शब्द नकोत, नुसता खाली बस, मी शेजारी बसेन. ये आणि पेटीतला कंदील तरी उचल. तेही नको असेल तर बाहेरच्याला सांग, की तुला आत घेणार नाही, जा. पण रे बाळा, नको म्हणायला तरी दिवा लावावा लागतो. तेवढा लाव. मी यंत्र बंद करत नाही, पॉवर सप्लाय चांगल्यातला आहे.

तुझीच,
नाचरी आजी

ताजा कलम : मी त्याला म्हटलं, आता तुझं एक वाक्य तू लिही. थोडीशी बटणं वाजली. काय लिहिलं ते मला सांगत नाही. खाली असेल, तूच वाच.

जुनं कुलूप परत बसवलं आहे. तुझ्याकडची किल्ली चालेल.